सात बायका, सहा खुर्च्या

आमच्या शाळेच्या शिक्षकखोलीत खुर्च्या सहा आणि आम्ही बायका सात. तरी इतक्या वर्षांत कधी कोणाला उभं राहायची पाळी आली नाही, की शेजारच्या वर्गातून स्टूल ओढून आणावं लागलं नाही. कारण सातव्या टेंबेबाई, आणि त्या बसायच्याच नाहीत. डबा खिडकीच्या कट्ट्यावर उघडून उभ्याउभ्या खायच्या. वह्या तपासायच्या त्याही चालता चालता. डाव्या हातावर वही, उजव्या हातात लाल पेन्सिल, आणि दारापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या.

मी शिवणाची बाई. माझा सगळा जन्म बूड टेकून गेला, त्यामुळे मला बाई त्यांचं हे घिरट्या घालणं बघूनच घेरी यायची. पहिल्याच आठवड्यात मी बोलून गेले, "अहो बसा की घटकाभर! खुर्ची काय चावते?"

त्या न थांबताच म्हणाल्या, "बसले की विचार येतात, गोदूताई. चालले की मागं पडतात."

मी फटकळ खरी, पण तेवढ्यावर दोरा ओवायला घेतला.

ही एकतीस-बत्तीस सालची गोष्ट. शाळा जुन्या नाशकात, नदीपासून दोन गल्ल्या अलीकडे. टेंबेबाई तेव्हा अठ्ठाविशीच्या असतील. उंच, काटकुळ्या, नऊवारीचा पदर घट्ट खोचलेला, कपाळाला चांगलं ठसठशीत कुंकू. चपलांच्या टाचा मात्र कायम झिजलेल्या. कोपऱ्यावरचा चांभार मला एकदा म्हणाला, "ह्या बाई नाशकात ऱ्हात्यात का रोज पुण्याला जाऊन येत्यात?" मी ते त्यांना सांगितलं तर खो खो हसल्या. हसतानाही चालतच होत्या.

त्या इंग्रजी शिकवायच्या, चौथीपासून वरच्या सगळ्या वर्गांना. आता इंग्रजीतलं मला काय कळतंय, पण माझा शिवणाचा वर्ग त्यांच्या वर्गाला लागून. मधे नुसती लाकडी फळी. त्यांचा प्रत्येक शब्द इकडे ऐकू यायचा, आणि ऐकून ऐकून मलाही चार गोष्टी समजल्या. त्यांचा सगळा जीव दोन काळांवर. एक 'हॅज गॉन', दुसरा 'हॅड गॉन'. मुली ह्या दोन्हींत हमखास गोंधळायच्या. मराठीत 'गेला आहे' आणि 'गेला होता', एवढं सांगून दुसऱ्या बाई मोकळ्या झाल्या असत्या. ह्यांचं तसं नाही.

"दूध उतू गेलंय," त्या म्हणायच्या. "चुलीवर अजून चरचर चाललीय, घरभर वास सुटलाय. तुम्ही काय कराल?"

मुली म्हणायच्या, "फडकं शोधू, बाई."

"शाबास. फडकं लागणार असेल तिथं हॅज. आता, सासूबाई काशीहून आल्या, त्याच्या आधी दूध उतू गेलं होतं. तुम्ही चूल पुसली, पोतेरं केलं, त्या आल्या तेव्हा सगळं लखलखीत. आज काय कराल?"

"काही नाही, बाई. नुसतं सांगू."

"सांगूसुद्धा नका!" बाई म्हणायच्या, आणि वर्ग हसायचा. "पण सांगितलंतच तर तिथं हॅड."

झालं. मग कुठलंही वाक्य आलं की वर्गातून आवाज, "बाई, फडकं लागेल का?" शाळेत सगळ्यांच्या तोंडी ते झालं. एकदा शाळेच्या तपासणीसाठी एक इंग्रज मडम आल्या. त्यांनी मुलींना सांगितलं, हॅजच्या काळातलं एकेक वाक्य करा. पहिली उठली, "द मिल्क हॅज बॉइल्ड ओव्हर." दुसरी उठली, तिची शाई सांडली होती. तिसरीच्या हातून तेलाचा बुधला फुटला. चौथीचं पीठ लवंडलं. अख्ख्या वर्गात एकीचंही काही धड झालेलं नव्हतं. मडम म्हणाल्या, तुमच्या नाशकात कधी काही बरं घडतच नाही का? आणि मग टेंबेबाईंना म्हणाल्या, आपण बसा, मघापासून उभ्या आहात. त्यावर बाईंनी शांतपणे सांगितलं, "आय हॅव नेव्हर सॅट, मॅडम." फळीच्या अलीकडे मी तोंडात पदर कोंबून हसत होते. शेरा मात्र उत्तम मिळाला हो.

पण हे सगळं कशापायी होतं, ते मला पुढं कळलं.

दरवर्षी जूनमध्ये शाळेचं एक रजिस्टर भरायचं असे, इंग्रजीत. नाव, वय, शिक्षण, आणि विवाहित की विधवा. मुख्याध्यापिका बापटबाई एकेकीला बोलवून विचारायच्या. टेंबेबाईंच्या रकान्यात स्वतः टेंबेबाईंनीच लिहिलेलं असायचं. ते वाचून बापटबाईंना हसावं की रडावं कळेना, म्हणून त्यांनी मला दाखवलं आणि अर्थ सांगितला. "हजबंड हॅज गॉन आउट." नवरा बाहेर गेला आहे. जसा काही भाजी आणायला गेलाय!

तो गेला होता अकरा वर्षांमागं.

टेंबे मंडळी सटाण्याची. ह्यांचं लग्न अकराव्या वर्षी झालं. यजमान मॅट्रिकला बसायचे आणि इंग्रजीत नापास व्हायचे. एकदा, दोनदा, तीनदा. सासरे कडक. तिसऱ्या निकालाला त्यांनी बावीस वर्षांच्या मुलाला भर ओसरीत छडीनं मारलं म्हणे. त्याच साली नाशकात सिंहस्थ भरला होता. मुलानं पायांत वहाणा घातल्या, आईला म्हणाला, "आलोच," आणि गेला. कोणी सांगितलं, बैराग्यांच्या जथ्यात चालताना पाहिला. कोणी सांगितलं, आगगाडीत.

"बघा ना," टेंबेबाई एकदा मला म्हणाल्या, "आपल्यात माणूस निघतानाच आलोच म्हणतो. न येताच येऊन जातो."

ह्या तेव्हा सोळाच्या. वडील नाशकात शाळामास्तर होते, ते येऊन घेऊन गेले. ट्रंकेत यजमानांचं इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक चुकून आलं. त्यात त्यांच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. पानापानांवर रेघा, कडेला मराठीत अर्थ, आणि बरोबर ह्या दोन काळांच्या धड्याशी खुणा थांबल्या होत्या. पुढची पानं कोरी. "तिथून मी सुरू केलं," त्या म्हणाल्या. "म्हटलं, आले की विचारतील, कुठवर आलीस." वडिलांनी शिकवलं, ह्या घरी बसून मॅट्रिक झाल्या. मग वडीलही वारले, आणि बाई आमच्याकडे नोकरीला लागल्या.

मग पुन्हा सिंहस्थ आला. बारा वर्षं भरत आली. नाशकात सगळे म्हणत होते, साधू झाला असेल तर ह्या खेपेला आल्यावाचून राहायचा नाही. बाईंनी ते मनावर घेतलं. शाळा सुटली की तपोवन. आखाड्यांमधून, धुन्यांमधून, राख फासलेल्या त्या हजार माणसांमधून प्रत्येकाचं तोंड बघत फिरायच्या. मला दोनदा ओढून नेलं. माझे पाय भरून आले, पण ह्यांचं आपलं चालूच. एका साधूपुढं त्या इतका वेळ थांबल्या की तो म्हणाला, "माई, क्या चाहिये?" ह्या म्हणाल्या, "डाव्या कानामागं तीळ आहे का, बघू." तो बिचारा मान वळवून बसला! तीळ नव्हता. बाईंनी त्याच्या पुढ्यात चार केळी ठेवली आणि पुढच्या धुनीकडे वळल्या. मला तिथं, एवढ्या गर्दीत, हुंदकाच आला. रागही आला. असल्या पळपुट्यासाठी ही बाई आपली पावलं झिजवतेय, म्हणून त्याला मी मनातल्या मनात यथेच्छ शिव्या दिल्या.

सिंहस्थ संपला, तंबू उठले. तो आला नाही.

त्यानंतरच्या दिवाळीत सटाण्याहून दीर आले. भास्करराव. सासरे वारल्यावर घर तेच बघत. मी त्यांना वाईट म्हणणार नाही, सरळ माणूस. त्यांची दोन मुलं पाळण्यातच गेली होती. ज्योतिषानं सांगितलं होतं, घरच्या थोरल्याला गती मिळालेली नाही, बारा वर्षं झाली, पालाशविधी करून टाका. म्हणजे माणूस सापडला नाही तर पळसाच्या देठांचा पुतळा करतात, त्यालाच अग्नी देतात, दहावं-बारावं सगळं करतात. मग तो माणूस मेला. सगळ्यांच्या लेखी मेला.

टेंबेबाईंनी साफ नाही म्हटलं. एकदा नाही, तीनदा. चौथ्या खेपेला जाऊ आली. तिला पुन्हा दिवस गेले होते. ती शाळेच्या व्हरांड्यात, आम्हा सगळ्यांच्या देखत, ह्यांच्या पायांवर पडली. "वैनी, हे तरी जगू दे."

त्या दिवशी बाई फार चालल्या. खिडकी ते दार, दार ते खिडकी. शाळा सुटून गेली तरी चपलांचा आवाज थांबेना. शेवटी मी म्हटलं, "काय ठरवलंत?"

"किती वर्षं फडकं हातात धरून उभी राहू, गोदूताई? हात भरून आला."

"तुमच्या मनाला पटतंय का?"

"नाही. पण त्या पोरीचं पोट दिसतंय, आणि हे दिसत नाहीत."

विधी नदीच्या वाळवंटात झाला. बायकांनी यायचं नसतं, तरी ह्या आल्या आणि पायऱ्यांवर उभ्या राहिल्या. मी जोडीला. उपाध्ये बाळंभट, नाशकातले नावाजलेले. त्यांनी तीनशे साठ देठ मोजून पुतळा बांधला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला. बाई वरून बघत होत्या. एकाएकी ओरडल्या, "भटजी, उंची जास्त झाली! ते एवढे उंच नव्हते. माझ्या कानाशी यायचे."

खाली सगळे चपापले. बाळंभटांनी एकदा वर पाहिलं, काय वाटलं कोण जाणे, पायांकडचे देठ वीतभर मागं दुमडले. मग अग्नी दिला. बाई रडल्या. अहो, मी इतकी मयतं पाहिली, पण एखाद्या बाईला असं तोंड झाकायचंही विसरून रडताना पाहिलं नाही. तिथंच कुंकू पुसलं.

तेराव्या दिवशी सासरच्या कोणा म्हाताऱ्या आत्याबाईंनी न्हावी धाडला. केस काढायला. तो दारात येऊन बसला. बाईंनी त्याला चहा करून दिला, मुलंबाळं किती विचारलं. तीन मुली म्हणाला. "मग शाळेत कितवीत?" तो पेटीची कडी खालीवर करायला लागला. "उद्या थोरलीला घेऊन ये, नाव घालते. आणि पेटी उचल आता, मला तास आहे." तो खरंच पेटी उचलून गेला. आणि दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन आला, हे जास्त नवल!

न्हावी आला त्याच दिवशी त्या मोकळ्या कपाळानं वर्गात गेल्या. एक मुलगी मुसमुसायला लागली. बाई म्हणाल्या, "पुस्तकं काढा. कालचा धडा." जूनमध्ये रजिस्टर आलं, तेव्हा बापटबाईंनी न विचारता विधवा लिहिलं. बाईंनी ते वाचलं आणि सही केली. जावेला मुलगा झाला, जगला. पेढे आले. मला वाटलं, चला, संपलं एकदाचं. आता तरी ही बाई बसेल. पण छे! येरझाऱ्या होत्या तशाच. उलट वाढल्या. आधी ज्याची वाट बघायची ते माणूस तरी होतं, आता वाट बघायची सवय तेवढी उरली.

दोन वर्षं अशी गेली. त्या साली आमच्या शाळेच्या पहिल्या पाच मुली मॅट्रिकला बसणार होत्या. बाईंनी त्यांच्यासाठी रक्ताचं पाणी केलं. सकाळी शाळेआधी एक तास, सुटल्यावर एक तास. "पाचही पास झाल्या पाहिजेत," एवढाच घोशा. "नापास होणं काय असतं ते माझ्या घराला विचारा."

आणि माघ महिन्यात, भर तासाला, टेंब्यांच्या शेतावरचा सालदार सटाण्याहून धापा टाकत वर्गाच्या दारात उभा. फळीपलीकडून मला ऐकू आलं.

"बाई, मोठा मालक घर उनात! जित्ता शेतस, बाई, जित्ता!"

थोरले मालक घरी आले. जिवंत आहेत.

मी हातातली कात्री टाकून धावले. बाई फळ्याशी उभ्या होत्या, हातात खडू. मुली त्यांच्याकडे बघत होत्या. त्या सालदाराला म्हणाल्या, "बरं. ओसरीवर बस, पाणी पी. तास संपायला वीस मिनिटं आहेत." आणि खरंच वीस मिनिटं शिकवलं! मात्र तास संपल्यावर त्या तिथंच राहिल्या. मी आत गेले तर फळ्यावर एकच वाक्य लिहिलेलं. मला अर्थ सांगितला. तो घरी आला त्याच्या आधी मेला होता.

"वाक्य बिनचूक आहे, गोदूताई. हॅड जिथं पाहिजे तिथं आहे. पण खरं की खोटं, ते कुठल्या पुस्तकात बघू?"

मी फडकं घेतलं आणि फळा पुसून टाकला.

यजमान साधूबिधू काही नव्हते. कराचीला एका खानावळीत आधी वाढपी, मग आचारी, मग खानावळीचा कारभारी. पोट सुटलं होतं, मिशा पिकायला लागल्या होत्या. पत्र का नाही टाकलं विचारलं तर म्हणाले, पहिल्या वर्षी लाज वाटली. दुसऱ्या वर्षी वाटलं, आता लिहायचं तर दोन वर्षांचं लिहावं लागेल. मग चार वर्षांचं, मग दहा. ओझं वाढतच गेलं. हे ऐकून माझा राग निम्म्यानं उतरला, खोटं कशाला बोलू?

पण घोटाळा पुढंच होता. ज्याचं दहावं-बारावं झालं त्याला घरात घ्यायचा कसा? बाळंभटांनी पोथी काढली. शास्त्रात सोय आहे म्हणाले. मेलेला परत आला तर त्याला पुन्हा जन्माला घालायचं. आधी तुपाच्या रांजणात बुडवून बाहेर काढायचं, मग जातकर्म, बारसं, मुंज, आणि शेवटी त्याच बायकोशी पुन्हा लग्न. रांजणभर तूप आणणार कुठून? अंगावर पळीभर शिंपडलं. मग अडतीस वर्षांच्या बाळाचं बारसं झालं. त्याच म्हाताऱ्या आत्याबाईंनी त्याच्या कानात नाव सांगितलं. मग मुंज. टक्कल पडलेला बटू हातात झोळी घेऊन भिक्षा मागत उभा. त्याच घरातला दोन वर्षांचा पुतण्या ते बघून टाळ्या पिटत होता म्हणे. आम्ही शिक्षकखोलीत हसून हसून बेजार झालो. टेंबेबाई सुद्धा हसल्या.

फक्त लग्न राहिलं होतं. फाल्गुनातला मुहूर्त काढून मंडळी एका दुपारी शाळेतच आली. भास्करराव, बाळंभट आणि स्वतः यजमान. व्हरांड्यात सतरंजी घातली. मी दाराशी झबल्याला टाके घालत बसले. टाके कसले, कान सगळे तिकडे! एकही धड पडला नाही. लग्न म्हणजे बाईंनी नोकरी सोडून सटाण्याला जायचं, हे उघड होतं. मुलींची परीक्षा मार्चात, मुहूर्त त्याआधी.

तिघे बसले. बाई उभ्याच, येरझाऱ्या घालत.

"वहिनी," भास्करराव म्हणाले, "झालं गेलं गंगेला मिळालं. आता पुन्हा कुंकू लावा, घरी चला."

"मुलीकडून कोण उभं राहणार, भटजी?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे?"

"लग्न म्हणजे कन्यादान आलं. मला देणार कोण?"

"वडील नाहीत, तर भाऊ."

"भाऊ नाही मला."

"मामा? चुलते?"

"कोणी नाही. मागं मी अकरा वर्षांची होते, वडिलांनी दिलं. मला कोणी विचारलं नाही. विचारायची रीतच नव्हती, तेव्हा त्यांना बोल लावत नाही. पण आता द्यायला दुसरं कोणी उरलं नाही, म्हणजे मीच उरले. तर मला विचारा."

बाळंभट पोथी चाळायला लागले. इतकी वर्षं लग्नं लावली, पण नवरीला विचारायचं पान काही त्यांना सापडेना. भास्कररावांचा चेहरा लालबुंद झाला. पण यजमान, इतका वेळ मान खाली घालून बसलेले, ते उठून उभे राहिले. खरंच बाईंच्या कानाशी येत होते. बाळंभटांनी देठ बरोबर दुमडले होते.

"मी विचारतो," ते म्हणाले. "येशील?"

बाईंची चाल थांबली. मी त्यांना तसं थांबलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"नाही," त्या म्हणाल्या.

बाळंभटांनी पोथी मिटली. मग बाईच हळू आवाजात म्हणाल्या, "तुमच्यावर राग नाही. बारा वर्षं वाट पाहिली, ती मनापासून पाहिली. मग तुम्हाला अग्नी दिला तेव्हा रडले, तेही मनापासून. ते लटकं होतं असं आता मला म्हणवत नाही. तुम्ही जिवंत आहात ह्याचा आनंद आहे, देवाशपथ आहे. पण माझं रडून झालंय हो. आणि मार्चात माझ्या पाच मुली परीक्षेला बसताहेत."

"मग लोकांनी तुम्हाला म्हणायचं काय?" भास्करराव उसळले. "सवाशीण म्हणायचं की विधवा?"

"टेंबेबाई म्हणा. शाळेत सगळे तेच म्हणतात."

भास्करराव आणखी काही बोलणार, तोच यजमानांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "पुरे, भास्कर. मी जाताना कोणाला विचारलं होतं?"

बाई आत आल्या, कपाट उघडलं आणि जुनं, पाठ निघालेलं पुस्तक घेऊन गेल्या. "हे तुमचं. ट्रंकेत चुकून आलं होतं."

यजमानांनी ते उभ्याउभ्या चाळलं. आधी त्यांच्या पेन्सिलीच्या रेघा. मग तो धडा. मग तिथून शेवटच्या पानापर्यंत लाल पेन्सिल. त्यांचे डोळे भरले. "एवढं पुढं गेलीस!" म्हणाले. "असू दे तुझ्याकडं. मुलींना लागेल."

"मुलींकडं नवीन आहेत. मला पाठ आहे."

त्यांनी पुस्तक दोन्ही हातांनी छातीशी धरलं, देवाचा प्रसाद धरावा तसं, आणि फाटकाकडे चालायला लागले. फाटकाशी वळले. मला वाटलं, आता सवयीनं आलोच म्हणतात की काय! पण नाही. "जातो," म्हणाले. आपल्याकडं कोणी जातो म्हणत नाही, अशुभ मानतात. ते म्हणाले.

मधली सुट्टी संपत आली होती. आम्ही सहाजणी आपापल्या जागी बसलो होतो. बापटबाई उगीच चष्मा पुसत होत्या. टेंबेबाई आल्या. दारापासून खिडकीपर्यंत गेल्या. परत फिरल्या. आणि खोलीच्या मधोमध थांबून इकडेतिकडे बघायला लागल्या, काहीतरी हरवल्यासारखं. आम्हाला कळेना काय पाहिजे. ही बाई खुर्ची शोधतेय, हे लक्षात यायला मलाच इतका वेळ लागला, आणि मी तर त्यांच्या अगदी शेजारी.

मी उठले. झबलं, सुई, दोरा, सगळं मांडीवरून खाली सांडलं.

त्या बसल्या. पाठ टेकली, दोन्ही पाय पुढं पसरले. त्या चपलांच्या झिजलेल्या टाचा मी इतक्या जवळून पहिल्यांदा पाहिल्या. बापटबाई घाबरून म्हणाल्या, "अहो, बरं वाटत नाही का? पाणी आणू?"

"बरी आहे," टेंबेबाई म्हणाल्या. "पाय दुखतायत हो. किती दिवसांचे दुखतायत, आज कळलं."

घंटा झाली. बाकीच्या पाचजणी आपापल्या तासाला गेल्या. माझाही तास होता, पण मी तशीच त्यांच्या खुर्चीला धरून उभी राहिले.